न दिसणारी इजा
(सुरगाणा येथील धम्मसभेत केलेले भाषण)



आपण दीक्षा घेतली, देव्हारे हलविले, घरात बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा लावल्या. तरीही मुलगा शिक्षणासाठी नाशिकला निघाला की आई हळूच सांगते, "कोणी विचारले तर जात सांगू नकोस रे." त्या माउलीला मी दोष देत नाही. परंतु ही भीती हीच एक इजा आहे, असे माझे मत आहे.

लपून राहण्याची किंमत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशी शिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते पारशांच्या पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. लाठी अकराव्या दिवशी आली. पण आधीचे दहा दिवस काय सुखाचे होते?

अमेरिकेत क्लार्क दांपत्याने बाहुल्या दाखवून कृष्णवर्णीय मुलांची मने तपासली. पुष्कळांनी गोरी बाहुलीच चांगली म्हटली. १९५४ च्या शाळांविषयीच्या निवाड्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही मानसिक हानी विचारात घेतली. सततच्या ताणाने झोप उडते, रक्तदाब वाढतो. तेव्हा वसतिगृहातून गप्प होऊन आलेल्या मुलीला "मन घट्ट कर" एवढे सांगून भागणार नाही. तिचे ऐकून घ्यावे, गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज कसली?

दीक्षेमुळे संरक्षण जाते, हा समज चुकीचा आहे. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने ते मिळाले आहे. चारचौघांत जातीवरून अपमान झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. मात्र हा तालुका आदिवासींचा. आणि आरोपी स्वतः अनुसूचित जाती वा जमातीचा असल्यास तो कायदा लागत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यता पाळणाऱ्या कोणासही लागतो. (शहरात आदिवासी मुलांनाही असेच टोमणे ऐकावे लागतात, म्हणून त्यांच्याशी कज्जा करण्यापूर्वी बोलणे मला अधिक पसंत आहे.)

चार भिंतींआड, साक्षीदार नसताना बोललेला शब्द १९८९ च्या कायद्याच्या अपमानाच्या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. यास्तव असा प्रसंग घडल्यास दिवस, वेळ, जागा, उच्चारलेले शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच रात्री लिहून ठेवावीत, आणि ठाण्यातून फिर्यादीची प्रत विनामूल्य मागून घ्यावी.