मुक्या जिवाची विचारपूस



ज्या व्यासपीठावरून आपण इतिहास, अर्थकारण, वेदान्त ऐकत आलात, तेथे आज घरच्या कुत्र्याला दवाखान्यात नेण्याचा विषय निघाला, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याच्यासाठी युधिष्ठिराने स्वर्गाचा रथ नाकारला आणि जो दत्तप्रभूंच्या पायांशी चार वेदांचे रूप घेऊन उभा असतो, त्या प्राण्याविषयी बोलताना आम्हांला संकोच वाटत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की धडधाकट दिसणारा कुत्राही वर्षातून एकदा तरी पशुवैद्यांना दाखवावा. यावर उत्तर ठरलेले असते : "त्याला झालंय काय? खातो, पितो, भुंकतो!" हेच उत्तर एके काळी आम्हीही देत होतो. आमचा पहिला कुत्रा दहा वर्षांचा झाला आणि फार पाणी पिऊ लागला. आम्ही म्हटले, उन्हाळा आहे. पावसाळा आला तरी भांडे रिकामेच, अंगही उतरले. आम्ही म्हटले, वय झाले. त्याने अन्न सोडले, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे सांगितले. तीन आठवड्यांनी तो गेला. या रोगात मूत्रपिंडांचा बराच मोठा भाग निकामी होईपर्यंत बाहेर फारसे काही दिसत नाही, हे आम्हांला तेव्हा कळले. आधी नेले असते तर तो पूर्ण बरा झाला असता असे नाही. पण पथ्यपाण्याने त्याचे काही दिवस सुखाचे गेले असते. ते आम्ही त्याला दिले नाहीत.

कुत्रा दुखणे लपवतो. शिवाय त्याचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. त्याचे एक वर्ष म्हणजे आपली कित्येक वर्षे. तेव्हा वर्षातून एकदा ही काही फार चैन नव्हे.

तपासणीत होते तरी काय? आधी वजन. मग ताप : कुत्र्याचे स्वाभाविक तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते; म्हणून हाताला अंग गरम लागले की घाबरू नये. हिरडी बोटाने दाबून सोडली, की पांढरा पडलेला ठिपका दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावा. दातांवरचे किटण, कानांतली घाण, बोटांच्या बेचक्यांतल्या गोचिड्या, पोटातल्या गाठी, छातीचे ठोके, हे सारे डॉक्टर पाहतात. जंतांसाठी विष्ठा आणि वय झालेल्या कुत्र्याचे रक्त व लघवीही तपासतात. खाणे, पाणी, खोकला यांतला फरक मात्र आपणच सांगायचा. रोगी मुका असल्याने साक्ष आपली.

आता हा प्रश्न केवळ घरचा राहत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, मग तो माणूस असो वा कुत्रा. लुई पाश्चर यांनी 1885 साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून या मृत्यूला अडवण्याचे साधन माणसाच्या हाती आहे. पिलाला तीन महिन्यांच्या सुमारास पहिली टोचणी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुन्हा. एवढे पाळले तर आपल्या अंगणात खेळणारे शेजाऱ्याचे मूलही सुरक्षित राहते. कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसचेही तसेच. तो कुत्र्याकडून माणसाकडे येऊ शकतो, आणि त्यावरही कुत्र्यासाठी लस आहे.

खर्चाची अडचण आम्ही जाणतो. पण मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून आहे, आणि गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखानेही आहेत. तेथे गाई-म्हशींच्या रांगेत आपला कुत्रा घेऊन उभे राहण्यात कमीपणा कसला?

आमचा हल्लीचा कुत्रा दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारतो. टेबलावर ठेवला की थरथरतो आणि आमच्या कोपरात तोंड खुपसतो. येथे आपल्याला का आणले, हे त्याला कळत नाही. कोणी आणले, एवढेच कळते. त्या विश्वासाला जागावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.