बंबाची वाट मोकळी ठेवा
(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त गोव्यातील ग्रामस्थांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. कापसाच्या गाठींबरोबर त्यात दारूगोळाही भरलेला होता. आग विझविण्याचे काम चालू असतानाच जहाजाचा स्फोट होऊन अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळला जातो. आगीशी झुंजणाऱ्या अशा जवानांच्या कामात माणसेच विघ्न आणतात, ही खेदाची गोष्ट होय.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. वाड्यातील एक घर पेटले आहे. बंब येतो, पाण्याचा मारा सुरू होतो आणि थोड्याच वेळात बंब मागे फिरू लागतो. जवान पळ काढीत आहेत असे समजून काही जण आडवे होतात. एखादा चालकाचे मानगूट धरतो. वस्तुतः साडेचार हजार लिटरच्या टाकीतून मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी सोडले, तर दहा मिनिटांत टाकी रिती होते. बंब पाणी भरून आणण्यासाठीच निघालेला असतो. त्याला अडविण्यात गेलेले प्रत्येक मिनिट त्या घरालाच जाळीत असते. पंप चालविणाऱ्यास कोणी ओढून नेले, तर आत धुरात नळी धरून उभ्या असलेल्या त्याच्या सोबत्याचे पाणी तुटते.

शासकीय अग्निशामक दलाचा जवान हा कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक आहे. दिनांक १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ अन्वये, लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी बळाचा वापर केल्यास, कलम १३२ प्रमाणे कारावासाची मर्यादा दोन वर्षांपर्यंत जाते. त्याच हेतूने दुखापत केल्यास कलम १२१ लागू होते व कारावास पाच वर्षांपर्यंत असू शकतो. दुखापत गंभीर असल्यास किमान एक वर्ष व कमाल दहा वर्षे कारावास आणि शिवाय दंड, अशी तरतूद आहे.

रस्त्यावरील वाहनचालकांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई घालण्यात आले. अग्निशामक दलाच्या वाहनास किंवा रुग्णवाहिकेस बाजू न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बंब उशिरा आला, अशी कोणाची तक्रार असेल तर ती आग विझल्यावर लेखी करावी. तो नागरिकाचा हक्कच आहे. आग लागताच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, ठिकाणाची खूण स्पष्ट सांगावी आणि वाट दाखविण्यासाठी एका जाणत्या माणसाने वळणावर उभे राहावे. नळीवरून वाहन नेऊ नये. अरुंद वाटेवर वाहने उभी राहणार नाहीत याची काळजी पंचायतीने घ्यावी आणि शिक्षकांनी हे धडे मुलांपर्यंत पोहोचवावेत.

शिक्षेची भीती हा शेवटचा उपाय होय. आज अडविलेला बंब उद्या आपल्याच दारी येणार आहे, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ झाले.