खेळाचा मक्ता



या व्याख्यानमालेला विद्वानांची परंपरा आहे. शाळा अर्ध्यावर सोडून युनियनच्या कचेरीतील जुन्या वर्तमानपत्रांवर वाचनाची भूक भागविलेल्या आमच्यासारख्या माणसास चालकांनी येथे उभे केले, हा त्यांचा मोठेपणा. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी हे आमचे रोजचे विषय. ते सोडून दूरचित्रवाणीवरील खेळ आणि त्याच्या प्रक्षेपणाचे हक्क हा विषय आम्ही निवडला, तेव्हा आमचे सोबती हसले. "तुम्ही क्रिकेटवर केव्हापासून बोलू लागलात?" असे त्यांनी विचारले. आमचे उत्तर एवढेच की, जेथे श्रम एकाचे असतात आणि सौदा दुसराच करतो, तेथे आमचा विषय आपोआप सुरू होतो.

प्रथम एक आठवण सांगतो. २५ जून १९८३. गिरणी संपाला सतरा महिने होऊन गेले होते. वडिलांचा पगार बंद, वाण्याची वही भरलेली. त्या संध्याकाळी आमच्या चाळीतील एका खोलीत कृष्णधवल संच लागला होता आणि दारापासून जिन्यापर्यंत माणसे उभी होती. लंडनला लॉर्ड्‌सवर आपला संघ १८३ धावांत बाद झाला, आणि तरीही ४३ धावांनी जिंकला. पुढे पुष्कळ सामने पाहिले. पण उपाशीपोटी हसणारी ती माणसे पुन्हा पाहावयास मिळाली नाहीत. त्या खोलीत तिकीट नव्हते. चित्र दूरदर्शनचे होते, म्हणजे आपल्या सर्वांचे होते. ते कोणी कोणाला विकू शकेल ही कल्पनाही आमच्या मनाला शिवली नव्हती.

मग हा हक्क म्हणजे असते तरी काय? आमच्या कोकणी मंडळींना हे लवकर कळेल. आंब्याला मोहोर आला की व्यापारी येतो आणि फळ दिसण्यापूर्वीच बाग घेतो. झाडे मालकाची, राखण गड्याची. पण त्या हंगामापुरते फळ व्यापाऱ्याचे. सामन्यांचेही तसेच आहे. क्रिकेट मंडळ पुढील चार-पाच वर्षांचे सामने मोहोरावर विकते. वाहिनी ते घेते, मग दहा-दहा सेकंदांच्या जाहिराती विकून आणि घरोघरी वर्गणी वसूल करून आपले पैसे मोकळे करते. पूर्वी जकातीचा मक्ता जात असे, तसा हा खेळाचा मक्ता. फरक एवढाच की, आंब्याला मत नसते. खेळणाऱ्याला, राबणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला ते असते.

हा बाजार आपल्याकडे उघडला तो १९९३ च्या सुमारास. त्या वर्षी हिरो चषकाचे सामने बंगालच्या संघटनेने एका परदेशी कंपनीस चित्रित करण्यास दिले. सरकारने हरकत घेतली, यंत्रसामग्री जकात खात्यात अडकली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुंबईच्या वकिलीतून वर आलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. न्यायालयाने सांगितले की, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तीवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. हे वाक्य आम्हांस फार प्रिय आहे. परंतु लोकांनी त्याचा अर्धाच भाग ध्यानात ठेवला. सरकारची मक्तेदारी नको, हे सर्वांनी उचलले. ती मालमत्ता जनतेची आहे, हे मात्र मागे पडले.

आता एका कंपनीची कथा सांगतो. झी ही वाहिनी १९९२ साली निघाली. त्याच समूहाने केबलचे जाळे उभारले आणि मग खेळाचे खाते काढले. त्याची स्वतःची क्रीडावाहिनी झाली. २००६ साली टेन स्पोर्ट्‌समध्ये निम्मा वाटा घेतला. पण भारतात क्रीडावाहिनीला क्रिकेट नसेल, तर ती पाण्यावाचून विहीर. २००४ साली भारतीय मंडळाने चार वर्षांच्या हक्कांसाठी निविदा मागविल्या. झीने सुमारे २६ कोटी डॉलर देऊ केले. प्रतिस्पर्धी वाहिनी न्यायालयात गेली आणि मंडळाने सारी निविदाच रद्द केली. झीने सर्वोच्च न्यायालय गाठले. फेब्रुवारी २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी ठरविले की, क्रिकेट मंडळ हे घटनेच्या अर्थाने 'राज्य' नव्हे, म्हणून मूलभूत हक्कांसाठी त्याच्याविरुद्ध थेट या न्यायालयात येता येणार नाही. दोघांचे मत उलट पडले. म्हणजे संघ भारताचा, नाव भारताचे, आणि दुकान खाजगी!

मक्ता मिळाला नाही, तेव्हा या समूहाने स्वतःचीच बाग लावावयाचे ठरविले. २००७ साली 'इंडियन क्रिकेट लीग' निघाली. कपिल देव तिच्या अग्रभागी होते. ही युक्ती नवी नव्हती. ऑस्ट्रेलियात केरी पॅकर याने १९७६ साली आपल्या चॅनेल नाइनसाठी तीन वर्षांचे १५ लाख डॉलर देऊ केले होते. तेथील मंडळाने नकार दिला, तेव्हा त्याने जगातील नामवंत खेळाडू गुपचूप करारबद्ध केले आणि आपले सामने भरविले. खेळाडूंवर बंदी आली. ते लंडनच्या न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये जिंकले. माणसाचा धंदा असा अडविता येत नाही, असे न्यायमूर्ती स्लेड यांनी सांगितले. १९७९ साली पॅकरला हवे असलेले हक्क मिळाले आणि त्याची स्पर्धा मिटली. भांडण खेळासाठी नव्हते, पडद्यासाठी होते, हे येथे स्पष्ट होते.

आपल्याकडे काय झाले? मंडळाने मैदाने दिली नाहीत. पहिली स्पर्धा पंचकुलाला भरवावी लागली. जे खेळले त्यांच्यावर बंदी आली. कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले. आणि त्याच वेळी मंडळाने देशांतर्गत स्पर्धांच्या बक्षिसांच्या रकमा वाढविल्या! आम्ही आयुष्यभर दारोदार हेच पाहिले आहे. शेजारी दुसरा कारखाना उघडला की पहिल्याचा मालक एकाएकी उदार होतो. २००८ साली मंडळाने स्वतःची आयपीएल काढली. दुसरी लीग कोमेजली. कित्येकांचे मानधन थकल्याच्या तक्रारी झाल्या. २००९ साली मंडळाने माफी जाहीर केली आणि खेळाडू एकेक करून परतले.

माफी! हा शब्द ऐकून आमच्या अंगावर काटा आला. जास्त मजुरी देणाऱ्याकडे कामास गेला, हा त्यांचा अपराध. त्यांतील बहुतेक पोरे रणजी खेळून नोकरीची वाट पाहणारी. दोन धनिकांच्या झुंजीत ती भरडली गेली. पहिल्या धनिकाने त्यांस वाळीत टाकले, दुसऱ्याने मध्येच सोडले.

यापुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. आयपीएलच्या प्रक्षेपणाच्या करारात एक कलम होते. या स्पर्धेशी टक्कर देईल अशा दुसऱ्या कोणत्याही व्यावसायिक वीस षटकांच्या देशी स्पर्धेस मंडळ मान्यता देणार नाही, असे मंडळाने वाहिनीस लिहून दिले होते. दहा वर्षे! स्पर्धा आयोगाने २०१३ साली यासाठी मंडळास ५२ कोटी २४ लाखांचा दंड ठोठावला. तो अपिलात रद्द होऊन प्रकरण फिरून आयोगाकडे आले आणि २०१७ साली आयोगाने तोच दंड पुन्हा लावला. मंडळींनो, पाहा. वाहिनीने सामने तर विकत घेतलेच. पण खेळाडूला दुसरे दार सापडू नये ही हमीही त्यांतच विकत घेतली.

आता आकडे ऐका. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलच्या हक्कांचे मंडळास २०२२ साली सुमारे ४८,३९० कोटी रुपये मिळाले. एका सामन्याचा भाव सुमारे ११८ कोटी पडला. दूरचित्रवाणीचा भाग स्टारकडे गेला, मोबाइलवरचा वायकॉम १८ कडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही व्यवसाय एका छत्राखाली आले. लिलावात देशातील हक्क घेणारी गिऱ्हाइके दोन होती. मग ती दोन्ही एका घरात नांदू लागली. झीने आपले टेन स्पोर्ट्‌स २०१६ साली सोनीस विकावयाचे ठरविले आणि त्या बाजारातून तेव्हा पाय काढला. आणि रणजी खेळणारा? २०२१ साली ठरलेल्या दराप्रमाणे त्यास अनुभवानुसार दिवसास ४० ते ६० हजार रुपये. दर वाईट नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. पण वर्षात दिवस किती मिळतील, आणि गुडघा गेला तर पुढे काय, हे त्याच्या हाती नाही. आणि तो दर ठरविताना त्याच्या बाजूने मेजावर कोणी बसले नव्हते.

अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण घ्या. १९६६ साली तेथील खेळाडूंनी पोलाद कामगारांच्या युनियनमधील मार्विन मिलर या माणसास आपला प्रमुख नेमले. दोनच वर्षांत पहिला सामुदायिक करार झाला आणि किमान वार्षिक वेतन ६,००० डॉलरचे १०,००० झाले. त्यांच्या पेन्शनीचे भांडण दूरचित्रवाणीच्या पैशांतील वाट्याचेच होते. आपल्याकडे २०१९ साली क्रिकेटपटूंची संघटना निघाली ती निवृत्तांची. जो आज मैदानावर उभा आहे, त्याची युनियन नाही. गिरणीत असे कधी पाहिले आहे काय, की युनियन फक्त पेन्शनरांची?

आणि जे मैदानावर नसतात त्यांचे काय? आमच्या वॉर्डात केबलची पोरे होती. खांद्यावर तारेचे वेटोळे, पायांत स्लिपर. गच्चीवरून गच्चीवर उड्या मारीत. एका मोठ्या मालिकेच्या ऐन तोंडावर रात्री भर पावसात एक पोरगा चौथ्या मजल्यावरून खाली आला. जगला, पण कंबर गेली. मालकाकडे गेलो, तर तो म्हणाला, "माझा नोकर नाही, कंपनीचा आहे." कंपनी म्हणाली, "आमचा नाही, मालकाचा आहे." नुकसानभरपाईचा खटला आम्ही तीन वर्षे चालविला. त्याची आई दर तारखेला डबा घेऊन येई आणि आम्हांला विचारी, "दादा, आज तरी ठरंल का, माझा पोरगा कुनाचा ते?" शेवटी थोडी रक्कम मिळाली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हांला अद्याप देता आलेले नाही.

पाहणाऱ्याकडे येऊ. २००७ साली संसदेने कायदा केला की, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र खाजगी वाहिनीने प्रसारभारतीस द्यावे, आणि त्यावरील जाहिरातींच्या उत्पन्नातील ७५ टक्के वाहिनीने घ्यावे, २५ टक्के प्रसारभारतीने. कायदा चांगला. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला की, ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणापुरते आणि मोफत डिशपुरते. खाजगी केबलवरून ते दाखविता येणार नाही. म्हणजे घरात केबल आहे, दूरदर्शनही दिसते. पण सामना लागला की वर्गणीच्या वाहिनीकडे वळावे लागते.

तेव्हा मागावयाचे काय? खेळाचा पैसा वाईट, असे आम्ही म्हणत नाही. १९८३ च्या वीरांना पुरेसा पैसा मिळाला नाही, यात कसले भूषण? आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. खेळत्या खेळाडूंची संघटना हवी आणि हक्क विकताना तिचे मत घेतले पाहिजे. कॅमेऱ्यामागे आणि तारेवर राबणाऱ्याच्या हाती नेमणुकीचा कागद हवा, त्यावर मालकाचे नाव हवे. आणि भारताच्या नावाने खेळणाऱ्या मंडळाचा जमाखर्च भारतीयांस पाहावयास मिळाला पाहिजे. २०२५ साली क्रीडा प्रशासनाचा कायदा झाला; परंतु त्यातही माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरताच राहिला. मंडळास अनुदानाची गरज नाही, म्हणून तेथे प्रश्न विचारण्याची सोय नाही.

लहरी जनतेच्या आहेत, असे न्यायालयाने सांगून तीस वर्षे उलटली. मालक आपण आहोत. पण मालकाने आपला सातबारा कधी काढून पाहिलाच नाही. येथून घरी गेल्यावर सामना जरूर पाहा. मध्ये जाहिरात लागेल, तेव्हा एवढेच मनात विचारा, की त्या माऊलीचा पोरगा कोणाचा? उत्तर सापडले, तर आमच्या कचेरीत येऊन सांगा. दार उघडे असते.