गाडीचे तांबडे तेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी ह्या दिवशी कुणी लोणची टिकवण्याविषयी बोलते, कुणी मुलांच्या आजारपणाविषयी. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही गाडीविषयी बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई. यंत्रातले मला काय कळते?" त्या म्हणाल्या, "अडुसष्ट हजारांचे कळले आहे ना, तेवढे सांगा." तेव्हा तेवढेच सांगते.

आमच्या आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, डायलिसिस सुरू झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहेच. आठवड्यातून दोन वेळा त्यांना तासगावहून मिरजेला न्यायचे असे. ह्यांना दुकान सोडता येईना, एसटीत आबांना बसवेना. म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला गेले. डावा पाय क्लचवर, उजवा कधी ब्रेकवर तर कधी दुसरीकडेच. शिकवणारा मुलगा सभ्य होता, पण चौथ्या दिवशी त्याने देवाचे नाव घेतले. शेवटी २०२१ साली ह्यांनी बिनक्लचची, ऑटोमॅटिक, जुनी लहान गाडी घेतली. दोन लाख चाळीस हजार पडले. तिला गिअर बदलावे लागत नाहीत. दांडी 'डी'वर ठेवली की झाले. पंधरा दिवसांत मी आबांना घेऊन मिरजेला जाऊ लागले. आबा मागे बसून पेपर वाचीत.

वर्षभर गाडी शहाण्यासारखी वागली. मग एका सकाळी दांडी 'डी'वर टाकली तरी ती जागची हलेना. दोन-तीन सेकंद विचार केल्यासारखी थांबली आणि मग धक्का देऊन निघाली. पुढे चढावर इंजिनाचा आवाज वाढे, पण गाडी ओढ घेईना. शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला की चाक गरगर फिरते आणि सुई मात्र हलत नाही, अगदी तसे. त्याच सुमारास दारातली फरशी झाडताना मला गाडीखाली कोकमाच्या सरबतासारखे गुलाबी ठिपके दिसले. ह्यांना दाखवले. "एसीचे पाणी असेल," म्हणाले. एसीचे पाणी पाण्यासारखे असते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मी खाली वर्तमानपत्र पसरून ठेवले, तर त्यावर वाटीच्या तोंडाएवढा तांबूस डाग.

तो कागद घेऊन मी मिस्त्रींकडे गेले. त्यांनी इंजिन बंद करून तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तेल भरपूर आहे. आणि ह्या गिअरबॉक्सचे तेल जन्मात बदलायचे नसते." एवढे जाणते मिस्त्री सांगतात म्हटल्यावर मी गप्प बसले. तो कागद मी चुलीत घातला, ह्याचे मला आजही वाईट वाटते.

२०२२ च्या नोव्हेंबरात, सकाळी आबांना घेऊन जाताना, कवलापूरच्या पुढे गाडी थांबली. म्हणजे इंजिन चालू होते. दांडी पुढे टाका, मागे टाका, गाडीला काही पत्ताच नाही. आबांची पाळी अकराची होती. त्यांचे पाय सुजलेले, दमही लागलेला. बेदाण्याचा एक टेंपो मिरजेकडे निघाला होता, त्या भल्या माणसाने आबांना पुढच्या सीटवर घेतले. मी हौद्यात पेट्यांवर बसले. पोचेपर्यंत पाळी गेली होती. रात्री नऊला यंत्र मोकळे झाले. तोवर आबा बाकावर बसून होते. मला एक शब्द बोलले नाहीत. उलट म्हणाले, "तू दोन घास खाऊन घे."

इकडे ह्यांनी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी सांगलीपर्यंत ओढत आणली. आणि भगिनींनो, जे थोडे शिल्लक होते ते त्या दोराने संपवले.

असे का, ते मला पुढे कोल्हापूरच्या एका कारागिराने समजावले. तो फक्त असलेच गिअरबॉक्स उघडतो. त्याने समोरासमोर दोन टेबलफॅन असल्याची कल्पना करायला सांगितले. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही फिरू लागतो. आमच्या गाडीत वाऱ्याच्या जागी तेल आहे. इंजिन एक पंखा फिरवते, तेल दुसऱ्याला फिरवते. त्याच तेलाच्या दाबाने आतल्या तबकड्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि गिअर पडतो. तेच तेल वंगण, आणि आतली उष्णता बाहेर नेणारेही तेच. तेल कमी झाले की पंप हवा ओढतो, दाब पडतो, तबकड्या घसरतात, घसरून तापतात आणि जळतात. हा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकांबरोबर आतले भाग फिरतात, पण त्यांना तेल पोचत नाही. म्हणून अशी गाडी ओढायची तर पुढचा भाग उचलून, किंवा सरळ ट्रकवर चढवून न्यायची. (मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे अर्थात उलटे.) ढकलूनही ती सुरू होत नाही, तेव्हा गल्लीतल्या मुलांना उगीच दमवू नये.

त्याने जुने तेल बशीत ओतून दाखवले. कोऱ्या चहासारखे काळपट, आणि वास करपलेल्या फोडणीचा. दुरुस्तीला अडुसष्ट हजार लागले. माझी भिशी गेली आणि पाटल्या सोनाराकडे गहाण गेल्या. गळत होते ते फक्त एक सील. ते आणि नवे तेल मिळून साडेपाच हजारांत भागले असते, असे तो म्हणाला. मी त्याला विचारले, "मग आमच्या मिस्त्रींना तेल भरपूर कसे दिसले?" तो हसला आणि म्हणाला, "गाडीचे पुस्तक वाचले का?"

पुस्तक गाडीच्या खणातच होते, प्लास्टिकच्या पिशवीत. इंग्रजीत म्हणून कुणी उघडले नव्हते. मुलीला शेजारी बसवून मी दोन रात्री ते वाचून घेतले. इंजिनचे तेल इंजिन बंद करून पाहतात, पण ह्या तेलाचे तसे नाही. आमच्या पुस्तकाप्रमाणे गाडी चांगली फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, हातब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून दांडी सगळ्या जागांवरून एकदा फिरवायची, 'पी'वर आणायची आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी पाहायची. इंजिन बंद केले की वर खेळणारे तेल खाली उतरते आणि पट्टीवर जास्त दिसते. मिस्त्रींना भरपूर दिसले ते हेच. काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहायचे असते, आणि पुष्कळ नव्या गाड्यांना ही पट्टीच नसते, तिथे गाडी वर चढवून कारखान्यातच पाहावे लागते. म्हणून माझे ऐकू नका, आपापल्या गाडीचे पुस्तक वाचून घ्या. आणि कमी नको म्हणून जास्तही ओतू नका. जास्त झाले की आतले भाग ते घुसळतात आणि ताकासारखा फेस होतो. फेसाला दाब नसतो.

तेल बदलायची मुदतही त्यात होती. चढाची, गर्दीची, उन्हातली वापरणूक असेल तर आमच्या गाडीला चाळीस हजार किलोमीटर. आमच्या गाडीचे बासष्ट हजार झाले होते. शिवाय खालचा नट काढला की सगळे तेल निघत नाही, निम्म्याच्या आसपास आतच राहते. म्हणून कारागिराने थोडी गाडी फिरवून पुन्हा एकदा बदलून दिले. मला ते उपासाच्या दिवशी दोनदा भांडी घासण्यासारखे वाटले, पण काही बोलले नाही.

बिनक्लचची गाडी म्हणजे सगळ्या एकच, असे मात्र नाही. मुलीने मला वाचून दाखवले की अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाडीला १९४० च्या मॉडेलपासून असला गिअरबॉक्स मिळू लागला. आपल्याकडे २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली ती वेगळ्या जातीची, तिला एएमटी म्हणतात. तिच्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो, फक्त क्लच दाबायचे काम यंत्र करते. आपल्यापैकी तिघी-चौघींकडे ह्या जातीच्या गाड्या आहेत. त्यांनी चढावर गाडी थोपवताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवू नये, ब्रेक दाबावा, नाहीतर क्लच जळतो. सीव्हीटी म्हणून आणखी एक जात आहे, दोन पुल्ल्या आणि मध्ये पट्टा. तिचे तेल निराळेच. "तांबडे ते तांबडे" म्हणून कुणी दुसरे ओतू लागला तर त्याचा हात धरा.

आबा त्यानंतर दीड वर्ष होते. त्यांतली एकही पाळी चुकली नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पट्टी काढून पांढऱ्या चिंधीवर पुसून त्यांना नेऊन दाखवीत असे. ते चष्मा लावून पाहत आणि "सरबत आहे," म्हणत.

आज इकडे येण्याआधी मी मुद्दाम सांगलीपर्यंत फेरी मारून आले आहे, आणि गाडी बाहेर चालूच ठेवून मुलीला आत बसवले आहे. ज्यांना पट्टी पाहायची आहे त्यांनी चहाच्या आधी बाहेर यावे, मग तेल निवते. पदर सांभाळून या. तो डाग जात नाही.