स्त्री अभ्यास मायनर म्हणून का घ्यायचा?

(पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नव्या शैक्षणिक धोरणामुळे तुम्हाला मेजरसोबत एक मायनर विषय निवडायचा आहे. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचे १२० क्रेडिट आहेत, त्यातले २४ मायनरचे. पदवीचा पाचवा हिस्सा. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलेलं असेल, तर हा हिस्सा कुठे खर्च करायचा हा साधा प्रश्न नसतो. घरचे विचारणार, "बायकांचा विषय घेऊन नोकरी लागणार का?" त्यांचं विचारणं बरोबरच आहे. उत्तर सरळ द्या: नोकरीचा मुख्य भार मेजर उचलेल. पुढे याच विषयात जायचं असेल तर नेट परीक्षेत स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे.

मायनर तुमच्या मेजरलाच नवे प्रश्न विचारायला शिकवतो. तीन उदाहरणं देतो.

समजा, तुमचा मेजर समाजशास्त्र किंवा इतिहास आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हा त्याचा गाभा. मग नवरा मेल्यावर मागे उरलेल्या बाईचं काय करायचं? तिने जातीबाहेर लग्न केलं तर भिंत पडते. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचा अर्थ बाबासाहेबांनी या प्रश्नातून लावला. बाईवर ताबा ठेवल्याशिवाय जात चालत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलं. तरीही कित्येक अभ्यासक्रमांत बाबासाहेब 'जात' या प्रकरणात असतात, 'लिंगभाव' या प्रकरणात नसतात.

मेजर कायदा असेल, तर विशाखा निकाल तुम्ही शिकणारच. १९९७ च्या त्या निकालातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. तुमच्या कॉलेजातली अंतर्गत तक्रार समिती त्याच वाटेने आलेली आहे. पण त्यामागची बाई कोण? राजस्थानच्या भटेरी गावच्या भंवरीदेवी, जातीने कुम्हार, सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन. १९९२ मध्ये त्यांनी गुज्जर कुटुंबातला बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, त्यानंतर त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर असं करणार नाहीत, अशा धाटणीच्या तर्कावर देशभर संताप उसळला. फायदा देशातल्या प्रत्येक ऑफिसातल्या बाईला मिळाला. शिकवताना मात्र भंवरीदेवींची जात गाळली जाते. जात गाळली की गुन्हा का घडला आणि न्याय का अडला, दोन्ही कळत नाही.

मेजर अर्थशास्त्र असेल, तर विचारा: कोरडे संडास साफ करण्याचं काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला का आलं आणि गटारात पुरुष का उतरतात? या कामाची वाटणी जातही करते आणि लिंगभावही. एकट्या 'श्रमबाजारा'ने हे उलगडत नाही.

आता सावधगिरीचं बोलतो. स्त्री अभ्यासातही सवर्ण बाईचा अनुभव म्हणजे सगळ्या बायकांचा अनुभव, असं बराच काळ चाललं. त्याला आव्हान दिलं ते दलित स्त्रियांनी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आणलं. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं वर्गात अभ्यासाचा मजकूर म्हणून आणली. ही जागा भांडून मिळालेली आहे.

म्हणून विषय निवडण्याआधी अभ्यासक्रम मागून घ्या. मुक्ता साळवेंचा १८५५ चा निबंध आहे का? ताराबाई शिंदे आहेत का? दलित, आदिवासी, मुस्लिम स्त्रियांचं लेखन सगळ्या युनिटमध्ये आहे, की शेवटच्या युनिटात एका तासापुरतं? मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, आपापल्या भाषेत वाचायला काय देणार? नसेल, तर वर्गात बसून मागा. बाहेर राहून अभ्यासक्रम बदलत नाही.

आणि पोरांनो, हा विषय 'मुलींचा' म्हणून सोडू नका. बहिणीचं लग्न जातीबाहेर ठरायची वेळ येते, तेव्हा भिंतीवरचा पहारेकरी बहुतेक वेळा आपणच असतो. पहारा सोडायचा असेल, तर भिंत कशी बांधली गेली ते आधी शिकावं लागेल.

जय भीम, जय सावित्री!