गाठ ओलांडणारी पेशी

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या डीएनएमध्ये शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. डीएनएची नक्कल करणारं नेहमीचं एन्झाइम या गाठीपाशी अडतं. नक्कल रखडली तर पेशीच्या जिवावर बेततं. मग रॅड-१८ हे प्रथिन डीएनएभोवतीच्या पीसीएनए नावाच्या कड्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं. खूण पाहून पॉलिमरेज ईटा हे दुसरं नक्कल करणारं एन्झाइम येतं आणि गाठीसमोर दोन अ‍ॅडेनिन बसवतं, अगदी बिनचूक! गाठ मात्र तशीच राहते, दुरुस्ती नंतर. ही सबुरी मला विलक्षण वाटते. पण धड डीएनएवर हेच ईटा फार चुका करतं, म्हणून यूएसपी-१ हे एन्झाइम ती खूण पुसून टाकतं. जन्मतः ईटा सदोष असलेल्यांना झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराचा एक प्रकार होतो, हे १९९९ मध्ये उलगडलं. अशांना ऊन जपूनच घ्यावं लागतं. त्वचेच्या कर्करोगाचा धोका त्यांना फार मोठा असतो.