शंभरांतील एक मूल

(पेण व रोहा तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



बौद्धिक अक्षमता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गावातील एखादेच मूल उभे राहते. बहुधा शाळेत न येणारे, आईचा पदर न सोडणारे. त्यामुळे अशी मुले विरळा असतात, असा आपला समज होतो. वस्तुतः निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता हे प्रमाण दर शंभर माणसांमागे सुमारे एक असे पडते. २०११ च्या जनगणनेत पेण व रोहा या तालुक्यांची मिळून लोकसंख्या साडेतीन लाखांवर होती. या हिशेबाने अशी साडेतीन हजार माणसे तरी येथे असावयास हवीत.

परंतु त्याच जनगणनेत १२१ कोटींच्या देशात या सदराखाली नोंद झाली ती सुमारे १५ लाखांची, म्हणजे हजारी जेमतेम सव्वा. मग बाकीची गेली कोठे? काही घरांनी लोकलज्जेस्तव सांगितले नसेल. पण मोठे कारण निराळे आहे. बहुसंख्य व्यक्तींमध्ये ही अक्षमता सौम्य असते. चेहऱ्यावर खूण नसते. चालणे-बोलणे उशिरा का होईना, येते. असे मूल शेळ्या राखते, पाणी भरते, पेणेत गणपतीच्या कारखान्यात बापाला माती मळून देते. कोणाच्या काही ध्यानी येत नाही. ध्यानी येते ते अक्षरांशी व अंकांशी गाठ पडल्यावर, म्हणजे आपल्या वर्गात. आणि तेथे आपण त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो! शिरगणतीत न सापडलेली ही मुले आपल्याच हजेरीपटावर आहेत.

मात्र उलट बाजूची घाईही तितकीच घातक. कातकरी वाडीवरील मूल पावसाळा सरताच आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते. त्याच्या घरची बोली वेगळी. पुस्तकी मराठी त्याला परकी. ते गप्प बसते एवढ्यावरून त्याची बुद्धी मोजू नये. कानाने कमी ऐकणारे, फळा न दिसणारे मूलही असेच मागे पडते. केवळ बुद्ध्यंक ७० च्या खाली असल्याने अक्षमता ठरत नाही. कपडे घालणे, दुकानातून सांगितलेली वस्तू आणणे, खेळाचे नियम पाळणे, हा रोजचा व्यवहारही बालपणापासून वयाच्या मानाने मागे असावा लागतो. जे मूल ओढ्यात मासे धरून त्यांचे सारखे वाटे घालते, त्याला या यादीत ढकलणे हा अन्याय होय.

पेण येथे सुहित जीवन ट्रस्टने अशा मुलांसाठी विशेष शाळा चालविली आहे; पण सौम्य अक्षमतेच्या बहुतेकांची जागा तुमच्याच वर्गात आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यालाही सर्वांबरोबरचे शिक्षणच अभिप्रेत आहे. निदान करणे हे आपले काम नव्हे; ते डॉक्टरांचे व मानसतज्ज्ञांचे. आपण मुलाला काय येते व काय येत नाही, हे तारीखवार लिहून ठेवावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत वर्षातून एकदा येते, आणि नेमके त्याच दिवशी हे मूल गैरहजर असते. तेव्हा पथकाची तारीख कळताच घरी निरोप धाडावा, व ती टिपणे पथकातील डॉक्टरांच्या हाती द्यावीत.